अनुमती

"रविवारी माताजी आपल्या गल्लीत आहाराला उतरणार. सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा चौका आपल्या घरात लागणार, आणि सकाळी साडेनऊपासनं ते सगळं लाइव्ह जाणार. चातुर्मास समितीला मी शब्द दिलाय."

अरिहंतनं हे सांगितलं तेव्हा मगदुमांच्या घरात सगळी जेवायला बसली होती. दिवस मावळायच्या आत ताटं उचलायची हा घरचा नेम, त्यामुळं या घरातली भांडणंसुद्धा उन्हातच व्हायची.

बाबासोंनी आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा तसाच ठेवला. "कुणाला इचारून दिलास?"

"आप्पा, ह्यात विचारायचं काय? आपलीच..." अरिहंत अडखळला. आई म्हणावं की माताजी, हे सदतिसाव्या वर्षीही त्याला ठरवता आलेलं नव्हतं. "माताजी आपल्याच की."

"आपल्या न्हाईत. त्या कुणाच्याच न्हाईत. त्याच्यासाठीच तर गेल्या." बाबासोंनी ताटाला नमस्कार केला आणि ते उठले. "चौका लाव, न्हाईतर मांडव घाल. मी दारात हुबा ऱ्हाणार न्हाय."

त्यांची पावलं जिन्यावर वाजली, वरच्या खोलीचं दार लागलं. भाग्यश्रीनं सासऱ्यांचं अर्धं भरलेलं ताट उचलावं की राहू द्यावं अशा घोटाळ्यात नवऱ्याकडं पाहिलं. आक्का मात्र शांतपणे ताक भुरकत होत्या. बाबासोंची ही थोरली बहीण ऐंशीची होती. निपाणीकडचं सासर संपलं तेव्हापासून ती इथंच राहत होती, आणि तिचा शब्द घरात शेवटचा असे.

"येतोय वाटेवर," आक्का म्हणाल्या. "घराण्याचं नाव काढलंय त्यानं. त्याला ठावं न्हाय व्हय?"

त्रिशला टेबलाच्या टोकाला बसून आप्पांच्या त्या तुकड्याकडं बघत होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या माताजी म्हणजे या घरातल्या मालन मगदूम होत्या. बाबासोंची बायको, त्रिशला आणि अरिहंतची आई. दीक्षा घेऊन त्या जैन साध्वी, आर्यिका सुव्रतामती, झाल्या तेव्हा त्रिशला अठराची होती, अरिहंत नऊ वर्षांचा. पांढरी साडी, मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, एवढं घेऊन त्या कर्नाटक, बुंदेलखंड, राजस्थान पायी फिरल्या. यंदाचा चातुर्मास पहिल्यांदाच कोल्हापुरात होता. सगळं घर दर्शनाला जाऊन आलं होतं. त्रिशला तर कॅमेरा घेऊन गेली होती. माताजींनी रांगेतल्या इतर सगळ्यांवर आशीर्वादाला उचलली तशीच तिच्यावरही पिच्छी उचलली, तसंच स्मित केलं आणि पुढच्या बाईकडं पाहिलं. बाबासो तेवढे गेले नव्हते.

"आणि ताई," अरिहंत तिच्याकडं वळला, "तुझ्या 'उंबरा' मालिकेचा पुढचा भाग आपल्या घराचा. सुरुवात आईच्या दीक्षेच्या कॅसेटनं. पाच हजार माणसांसमोर आप्पांनी अनुमती दिली. असं दुसरं घर जिल्ह्यात दाखव मला. कपाटातली कॅसेट मी दस्तगीरमामांना दिलीय उतरवायला."

"आप्पांना न सांगता?"

"सांगितलं तर देणार होते व्हय?" अरिहंतचा आवाज चढला. "तू एकोणीस घरांच्या उंबऱ्यावर कॅमेरा लावलास. वाडीच्या पुजाऱ्यांच्या, मलकापुरातल्या पास्टरांच्या, कुराण पाठ करून हाफीज झालेल्या त्या पोराच्या. प्रत्येकाला विचारलंस, ह्या श्रद्धेपायी तुमच्या घरानं काय सोडलं? लोकांनी रडत रडत उत्तरं दिली. आता आपल्या उंबऱ्याची पाळी आली की तुझी दातखीळ बसली?"

हे बरोबर होतं, आणि त्रिशलाला बरोबर गोष्ट मान्य करायला कधी कमीपणा वाटला नाही. घरच्याच मगदूम केबल वाहिनीवर रोज सकाळी साडेसहाला तिचं 'उगवती' लागे. गुरुवारी वाडीच्या दत्ताची आरती, शुक्रवारी दर्ग्यातली दुआ, रविवारी आधी चर्चमधली प्रार्थना आणि मग जोतिबा. कुणी फोन करून 'त्यांचं कशाला दाखवता' म्हणालं, तर ती म्हणे, "तुमचं उद्या आहे, उद्या बघा." बावीस वर्षं हा कार्यक्रम तिनं एकटीनं ओढला होता. आजारी माणसं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या तिच्या भरवशावर सकाळ उघडत.

"करू," ती म्हणाली. "आपल्या घराचा भाग करू. लाइव्हही करू. पण कसं करायचं ते मी ठरवणार."

"ठरव की!" अरिहंत खूश झाला. त्यानं दुसरी भाकरी घेतली.

त्रिशलाला मात्र घास गिळवेना. आईचा तिला कधी राग आला नव्हता. देवाच्या ओढीनं गेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? तिचा राग होता आप्पांवर. एका माणसानं, एका मांडवात, मान हलवून तिची आई देऊन टाकली होती. त्या दिवसानंतर दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती. पुढं बोलायला लागली, त्यांच्याच व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात शिरली, अरिहंतचे डबे भरता भरता लग्नाची वयंही मागं टाकली. पण आत एक खडा राहिला होता, तो राहिलाच.

*

गुरुवारी दुपारी दस्तगीरनं तिला एडिटिंगच्या खोलीत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. दस्तगीर मुल्लाणी पन्नाशीचा. बाबासो लग्नांची शूटिंग करत तेव्हापासून तो या घराबरोबर होता. त्याचे कान असे, की वाजंत्र्यांतली एक सनई बेसूर असली तर तो कॅमेरा खाली ठेवायचा.

"कॅसेट उतरवली, ताई. अरिहंतला अजून दावली न्हाय. आधी तुमी बघा."

पडद्यावर रंग फुटलेलं चित्र आलं. गावाबाहेरच्या माळावरचा मांडव. नवरीसारखी नटवलेली आई, हातावर मेंदी. शेजारी हात जोडून उभे आप्पा. तेव्हा ते सेहेचाळीसचे होते. आज त्रिशला तेवढीच होती.

महाराजांचा आवाज आला. "बाबासो, धर्मपत्नी दीक्षा घेते आहे. तुमची अनुमती आहे?"

कुणीतरी माइक आप्पांच्या तोंडाशी नेला. आप्पा आईकडं बघत होते. आई आप्पांकडं बघत होती. त्रिशला त्या दिवशी बायकांच्या गर्दीत मागं होती, अरिहंतचा हात धरून. तिला यातलं काहीच दिसलं नव्हतं, फक्त जयघोष ऐकू आला होता. आता तिची नजर कडेला धावणाऱ्या आकड्यांवर गेली. चार सेकंद. सात. नऊ. आप्पांचे ओठ मिटलेले.

मग डाव्या बाजूनं एका बाईचा खणखणीत आवाज आला. "बोला, आदिनाथ भगवान की..."

"जय!" अख्खा मांडव गरजला. ढोल सुरू झाले. महाराजांनी आशीर्वादाला हात उचलला. आप्पा तसेच उभे होते. मग त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"परत लाव," त्रिशला म्हणाली.

दस्तगीरनं तीनदा लावलं.

"अकरा सेकंद हायत," तो म्हणाला. "आवाज वाढवून बघितला, गोंगाट काढून बघितला. मालकांचा आवाज ह्याच्यात कुठंच न्हाय. मान गेली ती जयघोषानंतर."

"आणि ती घोषणा?"

"वळखली न्हाई व्हय? आक्कांची."

त्रिशला त्याच्याकडं वळली. "शूटिंग तूच केलेलंस ना?" तिनं विचारलं.

"व्हय. घरी आल्यावर मालकांनी कॅसेट मागून घेतली. बघितली न्हाय, तशीच कपाटात ठेवली. मी बावीस वर्साचा हुतो, ताई. त्यात दुसऱ्याच्या धर्मातली गोष्ट. मी काय बोलणार?" दस्तगीरनं दाढीवरून हात फिरवला. "आता ही पिकली. आता बोलायला हरकत न्हाय."

त्रिशला खुर्चीत बसून राहिली. अठ्ठावीस वर्षं तिनं ज्या माणसाला दोष दिला, त्यानं ते केलंच नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते वेगळंच. पाय जमिनीला लागल्यासारखं वाटलं. काय करायचं ते अजून कळलं नव्हतं. पण कुणाशी बोलायचं ते कळलं होतं.

*

नदी वार बघून चढत नाही. शुक्रवारी सकाळी नृसिंहवाडीहून फोन आला, की पाणी देवळात शिरलंय, दुपारपर्यंत दक्षिणद्वार होणार. कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, आणि त्या पाण्यात अंघोळ करायला माणसं चहूकडून धावतात. 'उगवती'चे लोक त्या दिवशी सगळी कामं टाकून वाडीला जात.

"आप्पा, चला," त्रिशलानं जिन्याखालून हाक मारली. "पाणी कुठवर येणार ते तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाई."

अशा हाकेला बाबासो नाही म्हणत नसत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि कॅमेरामन ऋतुराजला ओरडून सांगू लागले. "तिकडं नगं लावू! तासाभरात तिथं छातीएवढं पाणी. हिकडं, ह्या खांबाजवळ!" तासाभरात तसंच झालं. लाइव्ह दीड तास चाललं. पाण्यातून निघालेली माणसं कुडकुडत, हसत, एकमेकांचे हात धरून दारातून बाहेर पडत होती, आणि बाबासो त्यांच्याकडं असं बघत होते, की सगळा सोहळा त्यांच्याच घरचा आहे.

काम संपल्यावर दोघं वरच्या पायऱ्यांवर बसले. तिनं कवठाची बर्फी आणली होती. बाबासोंना ती आवडायची.

"आप्पा, मी कॅसेट बघितली."

बाबासोंचा हात पुडीवर थांबला.

"तुम्ही हो म्हणाला नव्हता."

"न्हायबी म्हणालो न्हवतो."

"का?"

त्यांनी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. "न्हाय म्हणायचं ठरवूनच मांडवात गेलतो. पर ती माझ्याकडं बघत हुती. वीस वर्सांच्या संसारात तिनं माझ्याकडं साडीसुद्धा मागितली न्हवती. पहिल्यांदा कायतरी मागत हुती. मी आपला मनात जुळवाजुळव करत हुतो. वाटलं, जरा येळ द्या मला. महाराज थांबलेले की. त्यांनी घाई केली न्हवती. घाई लोकांनी केली."

"वेळ मिळाला असता, तर काय म्हणाला असता?"

"तेच तर कळलं न्हाय, पोरी." बाबासो पाण्याकडं बघत म्हणाले. "कदाचित जा म्हणालो असतो. कदाचित थांब म्हणालो असतो. त्येचंच वाईट वाटतंय. लोकं हार घालत्यात, त्यागी माणूस म्हणत्यात, मी न दिलेल्या अनुमतीसाठी. दिली असती, तर तो हार गळ्याला टोचला नसता."

"मला का नाही सांगितलं? मी दोन वर्षं तुमच्याशी बोलले नव्हते, आप्पा."

"तू माझ्यावर रागावलीस ते बरंच वाटलं. बापावर राग धरून माणूस जगतं. आईवर धरला असतास तर कुठं गेली असतीस?"

त्रिशलानं पुडीतली उरलेली बर्फी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी तिचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो खाल्ला. आत जो खडा होता तो कधी गेला हे तिला कळलंही नाही.

"आक्कांचा आवाज हाय त्यात," ती शेवटी म्हणाली.

"ठावं हाय मला. बहिणीचा आवाज भावाला कळत न्हाय व्हय?" बाबासो उठले. "तिला बोलू नगंस. म्हातारी हाय."

*

पण त्रिशला बोलली. शनिवारी सकाळी भाग्यश्री चौक्याची तयारी करत होती. विहिरीचं पाणी आणून गाळलं होतं, निम्मे गहू निवडून जात्यावर दळायला घेतले होते. आक्का पाटावर बसून सूचना देत होत्या. त्रिशलानं मोबाइल त्यांच्यापुढं धरला आणि तेवढाच तुकडा लावला.

ऐकून आक्का आधी ओळखलंच नाही असं दाखवू लागल्या. मग त्यांनी पदर सावरला. "व्हय, मीच. मग? तो न्हाय म्हणाला असता तर? पाच हजार माणसांत महाराजांना न्हाय? मला त्येच्या तोंडावर दिसत हुतं, 'न्हाय'च येणार म्हणून."

"'न्हाय' आला असता तर आला असता, आक्का. तो शब्द त्यांचा होता."

"तुला काय ठावं!" आक्कांचा आवाज फुटला. "मालन आदल्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीया. म्हणाली, आक्का, ह्यांनी न्हाय म्हटलं तर मी जाणार न्हाय. पर मग मी घरात राहूनबी राहणार न्हाय. मी वाळून जाईन. मी दोघांना वाचवलं, त्रिशले. एकीला त्या बाजूला, एकाला ह्या बाजूला."

जात्याचा आवाज थांबला होता. भाग्यश्री पिठाच्या हातानं पुढं आली. एरवी ती सासरच्या वादात पडत नसे. "आक्का, वाचवलंसा ते खरं. पण मामंजींच्या तोंडातला शब्द तुम्ही घेतलासा, तेबी खरं. आपल्या घरात माझं कुणी असं घेतलं तर मला चालंल का?"

"तू मधी बोलू नगं."

"बोलणार. उद्याचा सैपाक मी करणार हाय. माताजींच्या हातात घास मी ठेवणार हाय. मन शुद्ध म्हणून वरडायचं आणि घरात हे असं झाकून ठेवायचं? मी ताईंच्या बाजूला हाय."

तेवढ्यात अरिहंत आला. सगळ्यांचे चेहरे पाहून त्यानं त्रिशलाच्या हातातला मोबाइल घेतला, तो तुकडा पाहिला, मग खाली बसला.

"मी शाळेत निबंध लिहिलेला," तो म्हणाला. "'माझ्या वडिलांचा त्याग.' बक्षीस मिळालेलं. आप्पांनी ते बक्षीस हातातसुद्धा घेतलं नव्हतं, तेव्हा मला राग आलेला." त्यानं डोळे पुसले. "ताई, लाइव्ह रद्द करूया. मी समितीला सांगतो."

"रद्द कशाला? शब्द दिलायस, पाळायचा," त्रिशला म्हणाली. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. "दोन कॅमेरे. एक समोरच्या गच्चीवर, एक गल्लीच्या तोंडाला. घरात एकही न्हाई. त्या कोण, आपण कोण, ह्यावर एक अक्षर निवेदन न्हाई. एका गल्लीत एक आर्यिका आहाराला आल्या, एवढंच लोकांना दाखवायचं. बाकीचं आपलं आहे."

"आणि आप्पा?"

"आप्पांना कुणी बोलवायचं न्हाई. हा एवढा तरी निर्णय त्यांचा त्यांना घेऊ दे."

आक्कांनी तोंड फिरवलं. पण थोड्या वेळानं त्यांनी गव्हाची परात स्वतःकडं ओढली आणि निवडायला लागल्या.

*

रविवारी साडेनऊला गल्ली धुऊन काढल्यासारखी स्वच्छ होती. सात घरांपुढं रांगोळ्या घातल्या होत्या, सात दारांत माणसं सोवळ्यात उभी होती. मगदुमांच्या दारात अरिहंत धोतर-उपरण्यात, हातात नारळ ठेवलेला कलश. शेजारी भाग्यश्री. बाबासोंच्या खोलीचं दार सकाळपासून बंद होतं.

आर्यिका दिवसातून एकदाच, तेही ओंजळीत घेऊन जेवतात. देवळातून निघताना त्या मनात एक खूण धरतात. कुणाच्या हातात काय असावं, कोण कुठं उभं असावं, असं काहीही. ती खूण ज्या दारात दिसेल तिथं थांबायचं. कुठंच दिसली नाही तर त्या दिवशी उपास. खूण काय ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून दारोदारची माणसं जीव मुठीत धरून 'अत्र तिष्ठ', इथं थांबा, अशा हाका मारतात.

त्रिशला समोरच्या गच्चीवर, छोट्या पडद्यांपुढं, कानाला हेडफोन लावून बसली होती. शेजारी दस्तगीर आवाजाच्या खटक्यांवर. ऋतुराजचा कॅमेरा खाली गल्लीच्या तोंडाला.

"आल्या," ऋतुराजचा आवाज कानात आला.

पांढरी साडी वळणावर दिसली. मागं कमंडलू घेतलेली एक ब्रह्मचारिणी. माताजींनी पिच्छी उजव्या खांद्याशी धरली होती. डोळे चार पावलांपुढच्या जमिनीवर. सत्तरीचं शरीर, पण चाल अशी की वारा लागू नये. पहिल्या दारातून हाका सुरू झाल्या. "हे माताजी, वंदामि, वंदामि! अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ!" माताजी पुढं गेल्या. दुसरं दार, तिसरं दार. मगदुमांच्या दारासमोर त्यांनी नजर उचलली. अरिहंतचा आवाज चिरकला, "तिष्ठ, तिष्ठ, मन शुद्ध, वचन शुद्ध..." भाग्यश्रीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माताजींनी दोघांकडं पाहिलं, नजर खाली घेतली आणि पुढं गेल्या.

"दोन नंबर, सोबत ऱ्हा," त्रिशला म्हणाली. तिचा हात बटणांवर स्थिर होता.

सातही दारं झाली. गल्लीच्या टोकाला माताजी क्षणभर थांबल्या आणि परत फिरल्या. आता ही शेवटची फेरी. त्यानंतर देवळात जाऊन बसायचं आणि उपास.

तेव्हा मगदुमांच्या दारातली माणसं हलली. मागून बाबासो पुढं आले. अंगावर ओलसर सोवळं होतं, कपाळावर गंध. ते कधी उठले, कधी अंघोळ केली, घरात कुणालाच कळलं नव्हतं. हातात कलश नाही, नारळ नाही. रिकामे हात जोडून ते उंबऱ्याबाहेर, रांगोळीच्या अलीकडं उभे राहिले.

"अत्र," बाबासो म्हणाले. त्यांनी खाकरून पुन्हा आवाज काढला. आता तो गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला. "अत्र तिष्ठ, तिष्ठ." आणि मग, शास्त्रात नसलेला, साधा, कोल्हापुरी शब्द. "थांब."

गच्चीवर दस्तगीरची बोटं आवाजाच्या खटक्यावर गेली. "ताई? कापू? अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जातंय."

"ठेव," त्रिशला म्हणाली. "पूर्ण ठेव. जयघोष करायचा न्हाई म्हणून सांग खाली. कुणीही तोंड उघडायचं न्हाई."

कुणी उघडलंही नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर आक्का उभ्या होत्या. त्यांनी आपलाच पदर तोंडावर धरला होता.

माताजी थांबल्या. बाबासोंकडं बघत राहिल्या. या खेपेला कुणालाच घाई नव्हती. मग त्यांनी पाऊल वळवलं आणि रांगोळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. बाबासोंनी त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या, वाकून वंदन केलं आणि म्हणाले, "आहारजल शुद्ध हाय. आत चलावं."

दार लोटलं गेलं. पडद्यावर फक्त लोटलेलं दार, रांगोळी आणि गल्लीतली स्तब्ध माणसं राहिली. त्रिशलानं ते चित्र तसंच धरून ठेवलं. एरवी इतका वेळ नुसतं दार दाखवलं असतं, तर लोकांनी फोन करून शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी एकही फोन आला नाही.

"खाली जावा की, ताई," दस्तगीर म्हणाला. "मी बघतो हिकडं."

ती खाली आली. सोवळं नव्हतं, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच उभी राहिली. आत आई पाटावर बसली होती, ओंजळ पुढं केलेली. भाग्यश्री घास ठेवत होती. अरिहंतनं दूध दिलं. शेवटी बाबासोंनी तांब्या घेतला आणि ओंजळीत पाण्याची बारीक धार धरली. एक थेंब सांडला नाही. पाणी पिऊन झालं तेव्हा माताजींनी ओंजळ मिटली.

जाण्याआधी त्या दाराशी क्षणभर थांबल्या. "श्रावक," कुठल्याही गृहस्थाला म्हणावं तसं त्या बाबासोंना म्हणाल्या. आवाज अजून तोच होता, फक्त त्यातली कोल्हापूरची धार कमी झाली होती. "त्या दिवशी तुमचं बोलणं राहून गेलं. मला माहीत होतं. मी थांबायला हवं होतं. क्षमा."

"तुम्हीबी मला क्षमा करावी," बाबासो हात जोडून म्हणाले. "आता सुखानं जावा."

त्या गेल्या. वळणावर पांढरी साडी दिसेनाशी झाली. बाबासो दारातून आत आले आणि म्हणाले, "भाग्यश्री, जेवायला वाढ बाई. लै भूक लागलीया."

चौक्यातला उरलेला स्वयंपाक सगळ्यांनी एकत्र बसून खाल्ला. दस्तगीर आणि ऋतुराजही आले. समितीचा फोन आला, लोकांना फार आवडलं म्हणून सांगायला. बाबासोंनी दोनदा भात घेतला. अरिहंत त्यांच्या ताटाकडं बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "ताई, आता 'उंबरा'त ती कॅसेट टाकली तरी चालंल. आता काय लपवायचं?"

"मी न्हाई ठरवणार," त्रिशला म्हणाली. ती उठून बाबासोंसमोर येऊन बसली. "आप्पा, तुमचा नि आईचा त्या कॅसेटमधला तुकडा लोकांना दाखवू का? तुमची अनुमती आहे?"

बाबासोंचा घास हातातच राहिला. आक्कांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांनीच ते मिटलं, आणि बोलायला निघालेल्या अरिहंतचा हात घट्ट दाबून धरला. ताटं वाजायची थांबली. ऋतुराजनं हातातली वाटी अलगद खाली ठेवली. सगळं घर थांबलं. बाबासोंनी घास खाल्ला, वर पाणी घेतलं, उपरण्यानं तोंड पुसलं. कुणी उत्तराची घाई केली नाही.

"न्हाय," बाबासो म्हणाले.

"बरं," त्रिशला म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.